सिस्टर घरी येते तेव्हा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जावा-जावांची पत्रं पुष्कळ असतात. स्वयंपाकाच्या पाळ्या, सणावाराचा खर्च, सासूबाईंचं आजारपण, असेच बहुतेक विषय. पण एका तालुक्याच्या गावाहून आलेलं थोरल्या जावेचं पत्र जरा वेगळं आहे. तिची धाकटी जाऊ सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. थोरली लिहिते, "दवाखान्यात सगळे हिचं कौतुक करतात. पेशंटशी म्हणे फार गोड बोलते. आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप! मुलांनी काही विचारलं की खेकसते. नाइट करून आली की दार लावून दुपारपर्यंत झोपते. शाळेचे डबे, सासूबाईंची औषधं, पाहुणेरावळे, सगळं माझ्याच गळ्यात. परक्यांसाठी हिच्याजवळ माया आहे, मग घरच्यांसाठी का नाही?"

प्रश्न रास्त आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला राग येणारच. पण हा प्रश्न फक्त त्या दोघींचा नाही. तुमच्यापैकी कुणाची सून सिस्टर असेल, कुणाची नणंद, कुणाची लेक. कित्येक जणी स्वतःच सिस्टर असाल. आणि ज्यांच्या घरात कुणीच नाही, त्यांनाही कधी ना कधी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून सिस्टरची वाट पाहावी लागतेच. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

हसणं हेही कामच

अमेरिकेतल्या आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. विमानातल्या हवाई सुंदऱ्यांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, काही नोकऱ्यांत हातापायांच्या कष्टांबरोबर मनाचेही कष्ट विकत घेतलेले असतात. राग आला तरी हसायचं, किळस आली तरी चेहऱ्यावर दाखवायची नाही, भीती वाटली तरी आवाज शांत ठेवायचा. हे सगळं पगारात धरलेलं असतं, पण पगारपत्रकावर मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

आता सिस्टरची पाळी डोळ्यांसमोर आणा. एका खाटेवर बाळंतीण, दुसऱ्या खाटेवर भाजलेली मुलगी, तिसऱ्या खाटेवरच्या आजोबांनी नुकताच प्राण सोडलेला. आजोबांच्या मुलाला धीर द्यायचा आणि पुढच्याच मिनिटाला बाळंतिणीशी हसून बोलायचं. आठ तास हे केल्यावर घरी येते ती बाई हसू खर्चून आलेली असते. महिनाअखेरीला पाकीट रिकामं असलं म्हणून आपण घरधन्याला कंजूष म्हणत नाही. तसंच आहे हे. घरच्यांसाठी तिच्याकडे माया नाही असं नाही. त्या दिवसापुरती ती संपलेली असते, एवढंच.

सात ओझी

पामेला ग्रे-टॉफ्ट आणि जेम्स अँडरसन या दोघांनी १९८१ मध्ये सिस्टरांच्या मनावरचा ताण मोजायला ३४ प्रसंगांची एक यादी तयार केली. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. त्या ३४ प्रसंगांचे सात गट आहेत. मरण डोळ्यांसमोर पाहणं, डॉक्टरांशी खटके, रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनाला धीर द्यायची तयारी कमी पडणं, मन मोकळं करायला कुणी नसणं, बरोबरच्या सिस्टरांशी कुरबुरी, कामाचा बोजा, आणि उपचार बरोबर चाललेत की नाही याची धाकधूक.

या सातांत दोन जाती आहेत, आणि त्या वेगळ्या करायला शिकणं हेच आजच्या लेखातलं मुख्य सांगणं. घरात पाणी साचलं तर आपण आधी बघतो की नळ गळतोय की पाऊस येतोय. नळ गळत असेल तर वायसर बदलायचा. पाऊस असेल तर छत्री उघडायची. मरण हा पाऊस आहे, तो कुणाला थांबवता येत नाही. तिथे धीर, प्रार्थना, मैत्रिणीच्या खांद्यावर रडणं हीच छत्री. पण एका बाईकडे चाळीस खाटा, सलग रात्रपाळ्या, वरिष्ठांची बोलणी हा गळका नळ आहे. आणि आपण काय करतो? नळाखाली उभ्या असलेल्या बाईला सांगतो, "मन घट्ट कर." म्हणजे छत्री धर! वायसर कोणी बदलायचा?

देशोदेशीच्या बायांना हाच सल्ला मिळाला. तिथे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे.

लंडन, जपान, कोरिया

लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात इझाबेल मेंझीज या मानसशास्त्राच्या जाणकार बाईंनी अभ्यास केला आणि १९६० मध्ये तो छापला. शिकाऊ सिस्टरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. मेंझीजबाईंना दिसलं ते असं. सिस्टरांना दुःख होऊ नये म्हणून रुग्णालयाने अशी पद्धत बसवली होती की कुणाचा जीव कुणात गुंतूच नये. एकीने सगळ्यांचा ताप बघायचा, दुसरीने सगळ्यांच्या चादरी बदलायच्या. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, "दहा नंबरचं लिव्हर" म्हणायचं. पेशंट गाढ झोपलेला असला तरी डॉक्टर यायच्या आत त्याचं तोंड धुवायला पहाटे उठवायचं, कारण नियम तसा. याने दुःख कमी झालं का? नाही. उलट "मी माणसाची सेवा करायला आले होते" असं म्हणणाऱ्या चांगल्या मुलीच आधी निघून गेल्या. मन दगडाचं करून ताण जात नाही, कामातला आनंद तेवढा जातो.

जपानमध्ये सोसण्याला फार मान. न कुरकुरता सहन करणं याला तिथे 'गामान' म्हणतात आणि मुलांना लहानपणापासून ते शिकवतात. पण त्याच जपानी सिस्टरांनी १९६८ मध्ये निइगाता प्रांतातल्या सरकारी रुग्णालयांतून एक लढा उभारला. मागणी अगदी साधी होती. रात्रपाळीला एकटीला ठेवू नका, दोघी ठेवा. आणि महिन्याला आठांपेक्षा जास्त रात्री देऊ नका. सरकारच्याच कर्मचारी मंडळाने १९६५ मध्ये तसा निवाडा दिला होता, पण तो कागदावरच राहिला होता. या लढ्याला 'दोन-आठची लढाई' असंच नाव पडलं आणि ती देशभर पसरली. सोसणाऱ्या बायांनी सोसण्याला आकडा घालून दिला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. 'आम्हाला त्रास होतो' म्हटलं की लोक 'सगळ्यांनाच होतो' म्हणतात. 'दोघी आणि आठ' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

दक्षिण कोरियातली गोष्ट ऐकून तर तुम्हाला आपल्याच घरची आठवण येईल. तिथे नव्या सिस्टरला जुन्या सिस्टरांनी छळायची रीत होती, तिला शब्दच आहे 'तेउम', म्हणजे जाळणं. पार राख होईपर्यंत टोचून बोलायचं, चारचौघांत अपमान करायचा. का? "आम्हीही यातूनच गेलो." सासुरवासाचं तत्त्व याहून वेगळं काय होतं? जिने सोसलं तीच पुढे सोसायला लावते. २०१८ मध्ये सोलमध्ये एका तरुण सिस्टरने जीव दिला तेव्हा हा शब्द देशभर सगळ्यांच्या तोंडी झाला. जुलै २०१९ पासून तिथे कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा लागू आहे. पण मुळात त्या जुन्या सिस्टर काही राक्षसिणी नव्हत्या. माणसं अपुरी आणि चूक झाली तर जीव जाणार, अशा ठिकाणी नवखी मुलगी शिकवायला दिली की आधीच दमलेल्या बाईचा तोल जातो. अपुऱ्या स्वयंपाकघरात दोन सुना का भांडतात ते तुम्हाला सांगायला नको.

नळ दुरुस्त होतो

अमेरिकेत लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. दहा हजारांवर सिस्टरांनी त्यात माहिती दिली. निष्कर्ष असा निघाला की, एका सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि सिस्टर मनाने पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. दोन्ही आकडे पुन्हा वाचा. सिस्टरचा थकवा आणि आपल्या माणसाचा जीव एकाच दोरीला बांधलेले आहेत.

कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदाच केला आणि २००४ पासून एका सिस्टरकडे जास्तीत जास्त किती रुग्ण हे ठरवून दिलं. अतिदक्षता विभागात दोन, साध्या वॉर्डात पुढे पाच. याला पैसे लागले, आरडाओरड झाली, पण कायदा टिकला.

या थकव्याला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिली आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मुख्य म्हणजे याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी ही अवस्था आहे, असं म्हटलं आहे. म्हणजे दोष बाईच्या मनात शोधायचा नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे हा पेशा बायकांना सहज मिळाला नाही. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचं काम म्हणून लोक नाकं मुरडत. पुढे नाकं मुरडणं कमी झालं आणि 'सेवेची देवी' म्हणणं सुरू झालं. पण देवीला पाठदुखी नसते, तिला झोप लागत नाही, तिची मुलं शाळेतून वेळेवर येत नाहीत. देवी म्हटलं की पगार, रजा आणि संख्या यांचं बोलायलाच नको!

२२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत काही गावांत घरमालक सिस्टरांना खोली रिकामी करायला सांगत होते. दोन्ही आपणच केलं.

इंडियन नर्सिंग काउन्सिलचं माप असं आहे की, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक सिस्टर हवी. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्री एकदा जाऊन मोजून पाहा, म्हणजे नळ किती गळतोय ते कळेल.

घरात काय करता येईल

आता पत्र लिहिणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना. तुमचे कष्ट कमी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. धाकटीने गोड बोलावं म्हणून तुम्ही आणखी राबावं, असंही नाही. थोडी मांडणी बदला.

एक, ड्युटीचा तक्ता घरातल्या कॅलेंडरवर उतरवून घ्या. नाइटच्या तारखांना निळी खूण करा. खुणेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीकुंकू, पाहुणे, गॅसची नोंदणी यातलं काही तिच्या नावावर नको. सुट्टीच्या तारखांना तिच्या वाट्याचं काम मात्र पक्कं ठरवा, म्हणजे मनात हिशेब साठत नाही.

दोन, नाइटनंतरची झोप ही चैन नाही. दिवसाची झोप मुळातच तुटक असते. खोलीला जाड पडदा, नाहीतर जुनी गोधडी लावा. तिचा फोन बाहेर ठेवा. दाराच्या घंटीवर बोळा कोंबलात तरी चालेल!

तीन, घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नकोत. पाणी, अंघोळ, चहा. मग एकच प्रश्न विचारा, "आज फार झालं का गं?" ती सांगेल तर ऐका, नाही सांगितलं तर राहू द्या. "त्यात काय, तुमचं रोजचंच" हे मात्र कधी म्हणू नका. रोजचं मरण रोजचं होत नाही.

चार, घरातल्या पुरुषांना कामात ओढा. डबे भरायला दोन हात लागतात, ते बांगड्यांचेच असले पाहिजेत असं नाही. तिच्या नवऱ्याने आणि तुमच्याही नवऱ्याने आठवड्याचे दोन दिवस सकाळ सांभाळली, तर जावा-जावांतलं निम्मं भांडण मिटेल. कारण ते भांडण खरं म्हणजे तुम्हा दोघींतलं नाहीच.

तुम्ही स्वतः सिस्टर असाल तर

रात्री जड जेवण नको. पाळी सुरू होण्याआधी घरी जेवा आणि मध्यरात्री भाकरी-भाजी, दहीभात, फळ असं हलकं काहीतरी घ्या. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात संपवा, पहाटेचा चहा घरची झोप खातो. डोळे मिटत असतील तर स्कूटी तिथेच ठेवा आणि रिक्षाने या.

वॉर्डात कुणी दगावलं तर पाळी संपताना बरोबरच्या मैत्रिणीशी पाच मिनिटं तरी त्या माणसाबद्दल बोला. नाव घेऊन बोला. नवखी मुलगी रडली तर तिला बाजूला नेऊन पाणी द्या, चारचौघांत झापू नका. आपण जळलो म्हणून तिला जाळायचं कारण नाही.

तक्रार करायची तर आकड्यात करा. कोणत्या तारखेला किती रुग्ण, किती सिस्टर, सलग किती नाइट हे वहीत टिपा आणि चौघी मिळून मेट्रनबाईंना लेखी द्या. एकटीचं बोलणं कुरकुर ठरतं, चौघींची वही ठरत नाही.

आणि हे नीट वाचा. दोन आठवड्यांवर झोप किंवा भूक गेली असेल, ड्युटीला निघताना छातीत धडधडत असेल, कारण नसताना रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. औषधांचं कपाट हाताशी आहे म्हणून आपल्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं. दुसऱ्यांना सलाईन लावणाऱ्या हाताने स्वतःसाठी एक फोन लावायला लाजायचं काय?

इस्पितळात गेल्यावर

आपलं माणूस दाखल असलं की आपणही घाबरलेलो असतो. तरी इतकं करता येईल. सगळ्यांनी एकेकदा विचारण्यापेक्षा घरातल्या एकाने विचारावं. प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि राउंड झाल्यावर एकदम विचारावेत. "ए सिस्टर" असं ओरडण्याऐवजी छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचावं. ती औषधं मोजत असताना मध्ये बोलू नये, चूक तिथेच होते. खरीच तक्रार असेल तर इन्चार्ज सिस्टरकडे शांतपणे करावी. हात उचलणं तर दूरच, आवाजही चढवू नये.

घरी जाताना आपण पेढे देतो, ते चांगलंच. पण त्याबरोबर चार ओळींचं पत्र मेट्रनच्या नावाने द्या. अमुक सिस्टरनी अमुक रात्री आमच्या आईला असं सांभाळलं, आणि त्या रात्री वॉर्डात त्या एकट्याच होत्या, हेही त्यात लिहा. पेढे दुपारपर्यंत संपतात. ते पत्र फाइलला लागतं, आणि उद्या जागा वाढवून मागताना कुणाच्या तरी कामाला येतं.

तुमच्या घरात, शेजारात सिस्टर असतील तर पाळ्या आणि संसार यांचा मेळ कसा घालता ते जरूर लिहा. निवडक पत्रं या सदरात देऊ.